जॉर्ज फोरमन कसा पाहावा: बॉक्सिंगच्या नवख्या प्रेक्षकासाठी सात लढती

बॉक्सिंग बघायला लागायचं ठरवलं की बहुतेक जण मुहम्मद अलीपासून सुरुवात करतात. मीही तशीच केली होती आणि कितीतरी दिवस मला धड काही उमगलं नाही. अलीचे हात कमरेपाशी लोंबत असतात. ठोसा आला की तो नुसतं डोकं मागे नेतो. यातली एकही गोष्ट कुठलाही वस्ताद आपल्या शिष्याला करू देणार नाही. अलीला ती पचली, कारण तो अली होता. नियम माहीत नसताना मी अपवादच बघत बसलो होतो.

म्हणून कुणी विचारलं की मी सांगतो, जॉर्ज फोरमनपासून सुरुवात करा. हा माणूस दोनदा हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाचा, जगज्जेता झाला. पहिल्यांदा १९७३ मध्ये, चोविसाव्या वर्षी. दुसऱ्यांदा १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी. मधली दहा वर्षं तर तो रिंगमध्ये उतरलाच नाही. २१ मार्च २०२५ रोजी, ७६ वर्षांचा असताना, तो गेला. त्याच्या लढती बघताना नवख्याची सोय होते, कारण त्याचं सगळं डोळ्यांना दिसतं. तो वेगवान नव्हता, फसवा नव्हता. काय करायला निघालाय ते कळतं आणि ते कधी जमत नाही तेही कळतं.

दुसरं कारण माझ्या दृष्टीनं मोठं आहे. कुस्तीच्या फडात आपण ‘दम’ म्हणतो ना, तो बॉक्सिंगमध्ये फोरमनइतका स्वच्छ कुणाच्यात दिसत नाही. नुसती ताकद वेगळी आणि ती राखून, उसंत घेत वापरणं वेगळं. तरुण फोरमनकडे ताकद अफाट होती आणि दम नव्हता. म्हाताऱ्या फोरमननं दम कमावला. खालच्या सात लढती त्याच वाटेनं लावल्या आहेत. सगळ्या मिळून चार तासांच्या आत बसतात, पण एका बैठकीत उरकू नका. दिवसाला एक पुरे.

पहिली पायरी: घड्याळ आणि चार ठोसे

एक फेरी तीन मिनिटांची, मग एक मिनिट विश्रांती. सत्तरच्या दशकात जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे, आता १२ ची असते. खाली पडलेल्यासाठी पंच दहापर्यंत आकडे मोजतो. तोवर उठला नाही तर नॉकआउट. समोरच्याला आता स्वतःला वाचवता येत नाही असं पंचाला वाटलं तर तो आकडे न मोजताही लढत थांबवतो, तो टेक्निकल नॉकआउट. (पंच म्हणजे रिंगमधला रेफरी. ठोशाला मी ठोसाच म्हणेन, म्हणजे घोळ नको.)

दोघेही शेवटपर्यंत उभे राहिले तर रिंगबाहेर बसलेले तीन परीक्षक निकाल देतात. आजच्या पद्धतीत फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९, आणि तो त्या फेरीत एकदा खाली पडला असेल तर बहुधा ८.

ठोसे चारच लक्षात ठेवा. पुढच्या हातानं सरळ मारतात तो जॅब. मागच्या हातानं सरळ मारतात तो क्रॉस. बाजूनं, कोपर वाकवून येतो तो हूक. खालून हनुवटीकडे येतो तो अपरकट. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवून उभा राहतो. डावखुरा उलटा उभा राहतो, त्याला साउथपॉ म्हणतात. हा शब्द आपल्याला सहाव्या लढतीत लागणार आहे.

आता एक प्रयोग करा. खांद्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर करू नका, बाकीच्यांनी मात्र टाळू नका. मोबाइलवर तीन मिनिटांचा टायमर लावा, मुठी गालांपाशी धरून उभे राहा आणि हवेत जोरजोरात ठोसे मारत राहा. पहिलं मिनिट मजेत जातं. दुसऱ्या मिनिटाला खांदे भरून येतात. तिसऱ्यात मुठी आपोआप खाली येऊ लागतात. आणि इथे तर समोरून कुणी मारत नव्हतं. हे एकदा अंगावर घेतलं की फोरमनची अलीविरुद्धची किन्शासाची लढत तुम्हाला कॉमेंटरी न ऐकताही समजेल.

दुसरी पायरी: कारकिर्दीचे आकडे वाचायला शिका

बॉक्सरची कारकीर्द लिहिताना आधी विजय, मग पराभव आणि कंसात नॉकआउटनं मिळवलेले विजय लिहितात. फोरमनचे आकडे ७६-५ (६८) असे आहेत. ८१ लढती, त्यातल्या ६८ त्यानं वेळेआधीच संपवल्या.

नवखा माणूस ६८ बघून थक्क होतो. तुम्ही ५ बघा. हरवणारे कोण, तेव्हा याचं वय काय, आणि हार कशी झाली? अली, जिमी यंग, इव्हँडर होलिफील्ड, टॉमी मॉरिसन, शॅनन ब्रिग्ज. या पाचांत फोरमनला वेळेआधी संपवणारा एकटा अली. बाकी चौघांशी तो शेवटच्या घंटेपर्यंत उभा होता, आणि त्यातल्या तीन लढती चाळिशी ओलांडल्यानंतरच्या.

मग हे आकडे मधून कापा. १९६९ ते १९७७ मध्ये ४५ विजय, २ पराभव. १९८७ ते १९९७ मध्ये ३१ विजय, ३ पराभव. एका माणसाच्या नावावर दोन माणसांच्या कारकिर्दी आहेत असं वाटावं इतका हा काप स्वच्छ आहे. आणखी एक सवय लावून घ्या. आकडा मोठा दिसला की प्रतिस्पर्धी कोण होते ते तपासा. पहिल्या जगज्जेतेपदाआधीच्या साडेतीन वर्षांत फोरमननं ३७ लढती जिंकल्या, पण त्यातले बरेच जण त्याला घडवण्यासाठी निवडलेले होते. यात फसवणूक नाही. होतकरू बॉक्सरला असंच वाढवतात. जॉर्ज चुव्हालोसारखा कणखर माणूस १९७० मध्ये समोर आला आणि तिसऱ्या फेरीत लढत थांबवावी लागली, तेव्हा कुठे जाणकारांनी मान वर करून पाहिलं.

तिसरी पायरी: तो आला कुठून

हे थोडक्यात, पण टाळू नका. जन्म १० जानेवारी १९४९, टेक्सासमधल्या मार्शल गावी. वाढला ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड या गरीब वस्तीत. शाळा सुटली, वाटमारी आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. त्याला वाचवलं ते जॉब कॉर्प्स या सरकारी योजनेनं. गरीब घरातल्या तरुणांना ती राहायला जागा देई आणि हाताला काम शिकवी. तिथेच, कॅलिफोर्नियात, डॉक ब्रॉडस या माणसानं त्याच्या हातात ग्लोव्ह्ज घातले.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत त्यानं सोव्हिएत संघाच्या योनास चेपुलिसला दुसऱ्या फेरीत हरवून सुवर्णपदक मिळवलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. जिंकल्यावर हातात छोटासा अमेरिकी झेंडा घेऊन तो रिंगमध्ये फिरला. दहाच दिवस आधी टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी वर्णभेदाच्या निषेधार्थ त्याच शहरात विजयमंचावर काळा हातमोजा घातलेली मूठ उगारली होती. त्यामुळे अनेक कृष्णवर्णीयांना फोरमनचा झेंडा खटकला. ज्या देशाच्या योजनेनं आपल्याला रस्त्यावरून उचललं त्याचे आपण आभार मानत होतो, असं त्याचं म्हणणं होतं. दोन्ही बाजू मला समजतात. सहा वर्षांनी किन्शासामध्ये लोक अलीच्या मागे का उभे राहिले, त्याची एक मुळी इथे आहे.

चौथी पायरी: लढती

एक पथ्य सांगतो. प्रत्येक लढत पूर्ण शोधा. दोन्ही बॉक्सरची नावं आणि साल टाकून शोधलं की पूर्ण चित्रण बहुधा सापडतं. ‘सर्वोत्तम नॉकआउट’ छापाच्या तुकड्यांपासून लांब राहा. त्यात पडणारा माणूस दिसतो, पण तो का पडला ते आधीच्या सात फेऱ्यांत असतं आणि नेमकं तेच कापलेलं असतं. पहिल्या वेळी आवाज बंद ठेवा. समालोचक ज्याच्या बाजूनं बोलतो त्याचेच ठोसे आपल्याला जास्त दिसू लागतात.

जो फ्रेझर, २२ जानेवारी १९७३, किंग्स्टन, जमैका

दोनच फेऱ्यांची लढत. फ्रेझर जगज्जेता, अपराजित, १९७१ मध्ये अलीला हरवलेला. पारडं त्याचंच जड मानलं जात होतं. त्याची पद्धत अशी की वाकून, डोकं डावी-उजवीकडे हलवत आत शिरायचं आणि डावा हूक मारायचा.

तुम्ही फोरमनचे ठोसे बघू नका, त्याचे उघडे तळवे बघा. फ्रेझर आत आला की फोरमन दोन्ही हातांनी त्याच्या खांद्यांना रेटतो. फ्रेझरचा तोल जातो, अंतर नेमकं फोरमनला हवं तेवढं होतं, आणि वाकलेल्या डोक्यासाठी खालून अपरकट येतो. पहिल्या फेरीत तीनदा, दुसऱ्या फेरीत तीनदा फ्रेझर खाली. शेवटच्या ठोशानं तर त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. अमेरिकी समालोचक हॉवर्ड कोसेलचा त्या वेळचा आरडाओरडा आजही लोकांच्या तोंडी आहे.

फ्रेझर दर वेळी उठला. मला ही लढत बघताना अजूनही गलबलून येतं.

यानंतर टोकियोत होजे रोमन पहिल्याच फेरीत गेला आणि कराकसमध्ये केन नॉर्टन दुसऱ्या. नॉर्टननं तर एकदा अलीचा जबडा मोडला होता. या काळात फोरमनला तिसऱ्या फेरीची गरजच पडत नव्हती, हे ध्यानात ठेवा. ज्याला लांब पल्ला धावावाच लागत नाही, त्याला आपला दम किती आहे ते कळत नाही.

मुहम्मद अली, ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा, झाईर

इथे थांबायचं आहे, घाई नको. ही लढत दोनदा बघा.

आधी पार्श्वभूमी. झाईर म्हणजे आजचा काँगो लोकशाही प्रजासत्ताक. हुकूमशहा मोबुटूला देशाचं नाव जगात गाजवायचं होतं, डॉन किंगला आयोजक म्हणून नाव कमवायचं होतं. दोन्ही बॉक्सरना प्रत्येकी ५० लाख डॉलर ठरले. लढत सप्टेंबरात होती, पण सरावात फोरमनच्या भुवईपाशी जखम झाली आणि ती पाच आठवडे पुढे गेली. या पाच आठवड्यांत अलीनं किन्शासा आपलंसं केलं. फोरमन आपल्या गोटात घुम्यासारखा बसून राहिला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत तिथल्या पहाटे चारच्या सुमारास सुरू झाली. अली ३२ वर्षांचा, फोरमन २५ चा. फोरमनच्या नावावर ४० विजय, एकही हार नाही, त्यातले ३७ नॉकआउट. अलीच्या जिवाचं काही बरंवाईट होईल अशी भीती त्याच्याच माणसांना वाटत होती.

पहिल्यांदा बघताना फक्त अलीकडे पाहा. पहिल्या फेरीत तो नाचत नाही, थेट उजव्या हातानं सरळ ठोसे मारतो. जॅब न टाकता मागचा हात आधी काढणं धोक्याचं, कारण तो लांबून येतो आणि समोरच्याला उलटा ठोसा मारायला वेळ मिळतो. कसलेल्या बॉक्सरविरुद्ध असं सहसा कुणी करत नाही, म्हणूनच फोरमनला ते अपेक्षित नव्हतं. पण फोरमन रिंगचे कोपरे झपाझप बंद करत होता. नाचत राहिलो तर आपलेच पाय आधी थकतील हे अलीला कळलं. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना टेकला, मुठी आणि कोपरं चेहरा-फासळ्यांवर घट्ट लावली, आणि फोरमनला मारू दिलं.

दुसऱ्यांदा बघताना अलीला विसरा, फोरमनच्या खांद्यांकडे पाहा. तिसऱ्या फेरीत त्याचे ठोसे खांद्यापासून फिरून येतात, मोठ्या वर्तुळात. पाचव्या फेरीत ते अजून जोरदार दिसतात, पण परत येताना हात खाली पडतात. सहाव्यात तो ठोसा मारत नाही, ढकलतो. सातव्यात तो अलीवर रेलतो आणि अली त्याची मान खाली दाबून धरतो, म्हणजे आपलं वजन त्याच्याच पाठीवर. तुमच्या तीन मिनिटांच्या टायमरची आठवण ठेवा. हा माणूस तेच करत होता, उकाड्यात, २१ मिनिटं, जीव खाऊन.

आणि अली कानाशी सतत बोलत होता. आपण हाणलेल्या एका जबर ठोशानंतर अलीनं ‘एवढंच का?’ अशा अर्थाचं काहीतरी विचारलं आणि आपल्या मनात आलं की हो, एवढंच होतं, ही आठवण फोरमन पुढे स्वतःच सांगत असे.

आठव्या फेरीच्या शेवटी अली दोरांवरून सुटतो, चार-पाच ठोसे जोडतो आणि शेवटचा उजवा बसतो. फोरमन गिरकी घेत कोसळतो. तो पडत असताना अलीची मूठ पुन्हा उगारलेली आहे, पण ती सुटत नाही. हा क्षण थांबवून बघा.

हार पचवायला फोरमनला वर्षं लागली. दोर सैल होते, पाण्यात काही मिसळलं होतं, आकडे भराभर मोजले, अशी कारणं तो देत राहिला. पुढे त्यानं ती सगळी सोडून दिली आणि अलीचा जवळचा मित्र झाला.

रॉन लाइल, २४ जानेवारी १९७६, लास व्हेगास

ही बघायला काही शिकवावं लागत नाही. चौथ्या फेरीत फोरमन खाली, मग लाइल खाली, मग पुन्हा फोरमन खाली. पाचव्या फेरीत फोरमननं लढत संपवली. बचाव असा दोघांनीही केला नाही. लोक या लढतीला सर्वांत थरारक म्हणतात आणि ती आहेही. पण फोरमनच्या गोष्टीत ती मला काळजीची वाटते. किन्शासातून त्यानं काहीच घेतलं नव्हतं, तो अजूनही ताकदीवरच जगत होता.

जिमी यंग, १७ मार्च १९७७, सान हुआन, पोर्तो रिको

नवख्याला ही लढत कंटाळवाणी वाटेल. तरी बघा, कारण बचाव कसा करतात ते इथे शिकायला मिळतं. यंग चपळ, चलाख, हलक्या हाताचा. फोरमन या वेळी दम वाचवायचा प्रयत्न करतो, पण त्याला ते येत नाही. वाचवणं म्हणजे त्याच्या लेखी नुसतं काही न करणं. सातव्या फेरीत यंग डगमगतो, तेव्हा फोरमन सगळा जोर ओततो आणि रिता होतो. तिथून यंग गुण गोळा करत जातो. बाराव्या फेरीत फोरमन खाली पडतो आणि निर्णय यंगच्या बाजूनं लागतो.

त्या रात्री कपडे बदलायच्या खोलीत आपण मरतोय असं त्याला वाटलं आणि देवाचा साक्षात्कार झाला, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. अशा कथनाचं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी एवढंच बघतो की त्यानंतर तो तसा वागला. २८ व्या वर्षी, कमाईच्या ऐन काळात, त्यानं ग्लोव्ह्ज उतरवले, ह्यूस्टनच्या रस्त्यांवर प्रवचनं केली, छोटं चर्च उभारलं आणि १९८४ मध्ये मुलांसाठी एक केंद्र सुरू केलं. दहा वर्षं.

पाचवी पायरी: परत येणारा फोरमन

केंद्र चालवायला पैसे लागत होते आणि पैसे मिळवायचा एकच मार्ग त्याला ठाऊक होता. ९ मार्च १९८७, सॅक्रामेंटो, समोर स्टीव्ह झोस्की. अलीविरुद्ध जवळपास १०० किलो भरलेला फोरमन आता १२१ किलोंचा होता. डोकं तुळतुळीत, चेहऱ्यावर हसू. लोक खळखळून हसले, आणि तोही त्यांच्याबरोबर हसला. सत्तरच्या दशकातला तो घुमा, धाक घालणारा माणूस कुठे गेला होता कोण जाणे.

पुढची चार वर्षं तो सतत लढत राहिला, बहुतेक किरकोळ प्रतिस्पर्ध्यांशी. टीका झाली आणि ती रास्त होती. पण जानेवारी १९९० मध्ये जेरी कूनी दुसऱ्या फेरीत पडला, तेव्हा हसणं थोडं कमी झालं.

इव्हँडर होलिफील्ड, १९ एप्रिल १९९१, अटलांटिक सिटी

इथे कागद-पेन्सिल घ्या. बारा ओळी आखा आणि प्रत्येक फेरीनंतर १०-९ कुणाला ते लिहा. फेरी संपल्या संपल्या लिहा, नंतर आठवून नको. शेवटी बेरीज करा. परीक्षकांचे आकडे होते ११६-१११, ११७-११० आणि ११५-११२, तिन्ही होलिफील्डच्या बाजूनं. तुमचा आकडा वेगळा आला तर तुमचं चुकलं असं नाही. कुठली फेरी तुम्ही वेगळी पाहिलीत ती पुन्हा लावून बघा.

फोरमन ४२ वर्षांचा, होलिफील्ड २८ चा आणि अपराजित. आता फोरमनचे हात बघा. एक हात पोटावरून आडवा, दुसरा चेहऱ्यासमोर आडवा, कुंपण घातल्यासारखे. आर्ची मूर हा जुना लाइट हेवीवेट जगज्जेता असाच उभा राहायचा आणि तो फोरमनच्या गोटात होता. ही आडव्या हातांची ढाल धरून फोरमन पावलांची घाई न करता पुढे सरकतो. जॅब मोजका, पण जड. मोठ्या वर्तुळात फिरणारे ठोसे जवळजवळ नाहीसे झालेत. फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात तो स्टुलावर बसतही नाही, उभा राहतो.

सातवी फेरी दोनदा बघा. फोरमन होलिफील्डला हलवतो, आणि होलिफील्ड उत्तरादाखल ठोशांचा पाऊस पाडतो. सतरा वर्षांपूर्वी असा पाऊस पडला असता तर हा माणूस कोसळला असता. इथे तो फक्त श्वास घेतो.

मायकेल मूरर, ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास

मध्ये १९९३ मध्ये फोरमन टॉमी मॉरिसनकडून गुणांवर हरला होता, आणि त्यानंतर सतरा महिने लढलाच नव्हता. त्याला थेट जगज्जेतेपदाची संधी मिळणं न्याय्य नव्हतं, हे मान्य करायला हवं. नाव मोठं होतं म्हणून ती मिळाली. मूरर २६ वर्षांचा, ३५ लढती अपराजित, होलिफील्डला हरवून आलेला, आणि डावखुरा. हेवीवेटमध्ये डावखुरा जगज्जेता त्याच्याआधी झाला नव्हता.

फोरमननं किन्शासात घातलेली लाल चड्डीच घातली होती. त्याच्या कोपऱ्यात प्रशिक्षक अँजेलो डंडी होता, जो किन्शासात अलीच्या कोपऱ्यात होता.

नऊ फेऱ्या मूरर त्याला मारतो. फोरमनचा चेहरा सुजतो. तीन परीक्षकांचे आकडे तेव्हा ८८-८३, ८८-८३ आणि ८६-८५ असे मूररच्या बाजूनं होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा नुसता मार खातोय. पण मूररचे पाय बघा. सुरुवातीला तो बाजूला सरकतो. हळूहळू सरकणं कमी होतं, तो फोरमनच्या समोरच उभा राहू लागतो. त्याचा प्रशिक्षक टेडी अॅटलस कोपऱ्यातून त्याला बजावतोय की समोर थांबू नकोस. फोरमन जॅब टाकत राहतो, पोटाच्या बाजूला मारत राहतो, उजवा हात मात्र पूर्ण जोरानं सोडत नाही. डावखुऱ्याविरुद्ध सरळ उजवा हात हेच खरं हत्यार, कारण तो त्याच्या दोन्ही हातांच्या मधून जातो. पण त्यासाठी समोरचा एका जागी थांबायला हवा.

दहाव्या फेरीत तो थांबतो. एक-दोन, डावा-उजवा. ठोसा आखूड आहे, एक वीतभर प्रवास करतो. मूरर पाठीवर पडतो, पंच जो कॉर्टेझ दहापर्यंत मोजतो. फोरमन वळतो, कोपऱ्यात जाऊन गुडघ्यांवर बसतो आणि प्रार्थना करतो.

किन्शासातली पाचवी फेरी आणि ही दहावी फेरी लागोपाठ लावून बघा. त्या पाचव्या फेरीत मोठमोठ्या ठोशांनी काही झालं नव्हतं. इथे एक वीत पुरली. इतक्या वयात हेवीवेट जगज्जेता त्याच्याआधी कुणी झाला नव्हता, नंतरही आजवर झालेला नाही. आधीचा विक्रम जर्सी जो वॉलकॉटचा होता, तो ३७ व्या वर्षी झाला होता.

सहावी पायरी: बेल्ट गेले कसे

बॉक्सिंगमध्ये जगज्जेतेपद देणाऱ्या संघटना अनेक आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ. मूररकडून फोरमनला डब्ल्यूबीए आणि आयबीएफचे बेल्ट मिळाले. डब्ल्यूबीएनं टोनी टकरशी लढायला सांगितलं, तो लढला नाही, बेल्ट गेला. एप्रिल १९९५ मध्ये जर्मनीच्या अॅक्सेल शुल्झविरुद्ध त्याला गुणांवर विजय दिला गेला. तो शुल्झला मिळायला हवा होता असं बहुतेकांचं मत पडलं, माझंही तेच आहे. आयबीएफनं पुन्हा लढायला सांगितलं, त्यानं नकार देऊन तो बेल्टही सोडला. बेल्ट रिंगच्या बाहेरही असे हातातून जातात. म्हणून कोण ‘जगज्जेता’ आहे हे वाचलं की कुठल्या संघटनेचा, ते आधी बघा.

याच सुमारास त्याच्या नावाची विजेवरची ग्रिल बाजारात आली आणि १९९९ मध्ये त्यानं नावाचे हक्क १३.७५ कोटी डॉलरला विकले. अमेरिकेतली एक अख्खी पिढी त्याला स्वयंपाकघरातला हसरा माणूस म्हणूनच ओळखते. त्याच्या पाचही मुलग्यांचं नाव जॉर्ज आहे, हेही तुम्हाला कुणीतरी सांगेलच.

सातवी पायरी: शेवटची लढत, निकाल न ऐकता

शॅनन ब्रिग्ज, २२ नोव्हेंबर १९९७, अटलांटिक सिटी. फोरमन ४८ वर्षांचा. ब्रिग्ज २५ चा, दम्याचा त्रास असूनही चपळ.

कागदावर पुन्हा बारा ओळी आखा. आडव्या हातांची ढाल, जड जॅब, पावलांची चाल, हे सगळं आता तुमच्या ओळखीचं आहे. त्यामुळे कोण फेरी जिंकतंय हे तुम्हाला समालोचकाच्या आधी कळायला लागेल. शेवटची घंटा झाली की चित्रण तिथेच थांबवा आणि आधी बेरीज करा. निकाल ब्रिग्जच्या बाजूनं लागला, आणि प्रेक्षागृहात आरडाओरडा झाला. माझ्या कागदावर दर वेळी फोरमन पुढे निघतो. तुमच्या कागदावर काय निघतं ते बघा, आणि ज्या फेऱ्यांत तुम्ही अडखळलात त्या दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून परत लावा.